दार उघडण्यापुरती जागा

विमानतळाच्या पार्किंगमध्ये बाईच्या हातात काठी दिसली की लोक आधी दोन पावलं मागे सरतात आणि मग विचारतात, "मारता की काय, बाई?" काठीबाई गेली नऊ वर्षं या प्रश्नाला एकच उत्तर देत आलीय. "मारत नाही, मोजते."

काठी पोलिसाची नव्हे. कपाटात कपडे टांगायची दांडी असते ना, तसल्या दांडीचा तो तुकडा. दोन्ही टोकांना जुन्या सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलेलं, मधलं लाकूड हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. तिची लांबी कुठल्या नियमात लिहिलेली नाही. चाकांची खुर्ची, चाकं फिरवताना बाहेर येणारी दोन कोपरं आणि वर चार बोटं, एवढी ती लांबी. खुर्ची आणि कोपरं, दोन्ही काठीबाईच्या नणंदेची.

वन्सं एकोणिसाव्या वर्षी जिन्यावरून पडल्या, त्या परत पायांवर उभ्या राहिल्या नाहीत. काठीबाई लग्न होऊन घरात आली तेव्हा वन्सं खुर्चीत बसून घरभर फिरत होत्या, शाळांचे गणवेश शिवत होत्या आणि सगळ्यांना बोलत होत्या. तिसऱ्याच दिवशी नव्या सुनेनं हौसेनं खोली आवरली, स्टूल इकडून तिकडे केलं, आणि वन्संची खुर्ची पलंग आणि कपाटाच्या मध्ये अशी काही अडकली की ना पुढे ना मागे.

"दादा, वहिनी गुणी आहे हं," वन्संनी तिथूनच हाक दिली. "फक्त मला फर्निचर समजतेय."

नवी सून रडकुंडीला आली. नवरा सुतार. त्यानं त्याच संध्याकाळी दांडी कापली आणि स्वयंपाकघराच्या दारामागे टांगली. तेव्हापासून घरात नियम झाला की काठी आडवी धरून जिथून नेता येईल तीच वाट. काठीपायी एक फ्रीज दुकानात परत गेला, न्हाणीघराचं दार दोनदा तोडून बसवलं, आणि एकदा तर बघायला आलेल्या पाहुण्यांच्या खुर्च्या काठीबाईनं त्यांना उठवून सरकवल्या. त्या पाहुण्यांनी पुढे काही कळवलं नाही. वन्सं म्हणाल्या, "सुटले बिचारे."

विमानतळावरची नोकरी पुढे बऱ्याच वर्षांनी मिळाली. पार्किंगच्या इमारतीत तळमजल्यावर, लिफ्टच्या जवळ, अपंग प्रवाशांच्या गाड्यांसाठी दहा जागा राखून ठेवल्या होत्या. तिथली ड्यूटी कोणालाच नको असे. दिवसभर धूर खायचा आणि भांडणं करायची. जो तो म्हणणार, "दोनच मिनिटं, बाई." काचेमागे निळं कार्ड नाही, कोणाला काही दुखत-खुपत नाही, पण गाडी मात्र लिफ्टच्या तोंडाशी हवी.

त्याहून वाईट म्हणजे मधले पट्टे. दोन गाड्यांच्या मध्ये जमिनीवर पिवळे तिरके पट्टे मारलेले असतात, ती जागा मोकळी ठेवायची असते. लोकांना ती दिसली की राहवत नाही. कोणी मोटरसायकल लावणार, कोणी सामानाच्या ढकलगाड्या उभ्या करणार. नोकरीच्या दुसऱ्या दिवशी एका माणसानं तिथे आख्खी गाडी घुसवली आणि वर तिलाच विचारलं, "रिकामीच तर होती ना जागा?"

"रिकामी नाही," ती म्हणाली. "तिथे दार उघडतं."

तो हसला. तिसऱ्या दिवशी ती घरून काठी घेऊन आली.

सुपरवायझर साहेब तेव्हा नवीन होते. त्यांनी काठी जप्त करायचा विचार केला होता. पण त्याच महिन्यात कंत्राटदारानं सगळे पट्टे नव्यानं रंगवले, आणि काठीबाईनं जमिनीवर काठी ठेवून दाखवलं, की चौथ्या आणि पाचव्या जोडीत काठी मावत नाही. कंत्राटदार म्हणाला, नकाशाप्रमाणे आहे. नकाशा आणला. नकाशाप्रमाणे नव्हतं. रंग खरवडून पुन्हा मारावा लागला. त्या दिवसापासून साहेब काठीला काठी म्हणत नाहीत, 'आपलं माप' म्हणतात, आणि बाईंना सगळे काठीबाई.

तिची कामाची पद्धत तिचीच होती. गाडी आली की ती खिडकीशी वाकून पहिलं विचारे, "उतरणार कोण? चालवणारे की बसणारे?" लोकांना हा चौकसपणा वाटे, पण त्यावरच सगळं अवलंबून. दोन जागांच्या मध्ये एकच पट्ट्यांची जागा. त्यामुळे गाडी सरळ आत घातली तर एक, तीन, पाच, सात, नऊ या नंबरांना पट्टे येतात चालवणाऱ्याच्या बाजूला, आणि दोन, चार, सहा, आठ, दहाला येतात दुसऱ्या बाजूला. खुर्चीतली आजी शेजारी बसून आली असेल तर सम नंबर. गाडी चालवणाराच खुर्ची वापरत असेल तर विषम. आणि विषम भरले असतील, तर मग सम नंबरात गाडी रिव्हर्स घालायची, की पट्टे आपोआप चालवणाऱ्याच्या बाजूला. हे ती इतक्या सहज सांगायची, की माणूस गाडी लावून, उतरून, लिफ्टपर्यंत पोचल्यावर त्याला वाटायचं, आज जागा बरी मिळाली.

आणि एक गोष्ट ती कधी करत नसे. जागा धरून ठेवत नसे. मंत्र्यांच्या साडूसाठी नाही, साहेबांच्या सासऱ्यांसाठी नाही. "आधी येईल त्याची," एवढंच. एकदा जागा भरलेल्या असताना साहेबांचे सासरे वरच्या मजल्यावर गाडी लावून काठी टेकत खाली आले होते. त्यांची काठी वेगळी. तरीही.

*

गेल्या वर्षी वन्संनी गाडी घेतली. जुनी, हिरवी, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हातानं चालवायची सोय असलेली. बावन्नाव्या वर्षी त्या गाडी शिकल्या. सरळ रस्त्यावर त्या अशा चालवत, की दादा मागच्या सीटवर बसून डोळे मिटून घेई. भीतीनं नव्हे, झोप लागायची म्हणून. पण रिव्हर्स आलं की वन्संचं सगळं शहाणपण उताणं पडे. गल्लीच्या तोंडाशी कोपऱ्यावरच्या काकांच्या कुंड्या होत्या. दोन फुटल्या. तेव्हापासून हिरव्या गाडीचा मागचा दिवा लागला की काका चप्पलही न घालता धावत बाहेर येत आणि कुंड्या आत नेत.

"कुंड्यांना पाय फुटलेत," वन्सं म्हणत. "माझ्याहून बऱ्या."

मग एका रविवारी, जेवताना, वन्संनी जाहीर केलं, "मी विमानानं जाणार आहे. मैत्रिणीकडे. चार दिवस."

मैत्रीण म्हणजे इस्पितळात शेजारच्या खाटेवर अकरा महिने असलेली. दोघी एकाच वेळी बसायला शिकल्या, एकाच वेळी चाकं फिरवायला. नंतर ती समुद्राकाठच्या तिच्या गावी गेली आणि गेली तेहतीस वर्षं दोघी फोनवर भांडत होत्या. भेट नाही. आता तिनं घराला उतार बांधून घेतला होता आणि बजावलं होतं, 'माझ्याकडून झालं. आता तू ये.'

"मी येतो सोडायला," दादा म्हणाला.

"नाही. गाडी मी नेणार, मी लावणार, मी उतरणार. चार दिवसांनी मीच परत आणणार."

"अहो वन्सं, मी तिथेच तर असते ड्यूटीवर," काठीबाई म्हणाली.

"तेच म्हणतेय. असलीस तरी मला नसल्यासारखी. ओळख दाखवायची नाही. खुर्चीला हात लावायचा नाही. गाडीला तर नाहीच नाही." वन्संनी पोळीचा तुकडा मोडता मोडता थांबून तिच्याकडे पाहिलं. "तेहतीस वर्षं मला कोणीतरी उचलून कुठेतरी ठेवतंय गं वहिनी. एकदा मला आपली आपण जाऊन बघायचंय. नाही जमलं तर मी तिथूनच गाडी वळवून घरी येईन. आणि मग पुन्हा कधी विषय काढणार नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी अगदी साधेपणानं म्हटलं, आणि नेमकं तेच काठीबाईला भांडी घासतानाही ऐकू येत राहिलं. वन्सं बोलतात ते करतात. पंचवीस वर्षांपूर्वी एका दुकानदारानं त्यांना खुर्चीसकट उचलून पायऱ्यांवर ठेवलं होतं, विचारल्याशिवाय. त्या दुकानाचं नावही त्यांनी पुन्हा काढलं नाही.

*

त्या दिवशी काठीबाई सकाळी सहाच्या पाळीला हजर झाली, तेव्हा दहांपैकी आठ जागा भरल्या होत्या. एक आणि सहा रिकाम्या. वन्सं येणार नऊला. तिनं एक नंबरकडे पाहिलं. लिफ्टच्या अगदी समोर, विषम नंबर, शेजारी ऐसपैस पट्टे, डोक्यावर चांगला उजेड. वन्संनी नुसती सरळ आत यायचं, दार उघडायचं, झालं.

लांबून कोणी पाहिलं असतं तर त्याला एक मध्यमवयीन बाई एका रिकाम्या जागेभोवती उगाच दोन फेऱ्या मारताना दिसली असती. मग ती कोपऱ्यातून लाल-पांढरा प्लॅस्टिकचा कोन घेऊन आली आणि तो एक नंबरच्या मधोमध ठेवला. त्यावर पाटी अडकवली, 'रंगकाम चालू'. खांद्यावरच्या वॉकीटॉकीत बोलली, "एक नंबर बंद आहे रे. आणि वन्संची हिरवी गाडी आली की कळव."

पलीकडे फाटकावर तिकिटं देणारा माणूस होता. त्याला सगळे दोनशब्दी म्हणत, कारण वॉकीटॉकीवर तो त्याहून जास्त शब्द खर्च करत नसे.

"रंग कुठला?" दोनशब्दीनं विचारलं.

नऊ वर्षांत पहिल्यांदा काठीबाईनं वॉकीटॉकीचा आवाज कमी केला.

पुढचे दोन-अडीच तास तिनं कसे काढले तिचं तिलाच माहीत. सहा नंबर एका आजींच्या गाडीला गेला. कोनाकडे पाठ करून उभं राहिलं तर कोन पाठीला टोचे, समोर उभं राहिलं तर डोळ्याला. साहेब एक चक्कर मारून गेले. पाटी वाचली, जमिनीकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं आणि निघून गेले. तिच्या शब्दावर त्यांचा एवढा विश्वास होता, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटली.

पावणेनऊला एक छोटी पांढरी गाडी आली. काचेमागे निळं कार्ड. आत एकच माणूस, मागच्या सीटवर दोन कुबड्या.

"उतरणार कोण?" तिनं सवयीनं विचारलं.

"मीच आहे फक्त," तो म्हणाला. "गणित शिकवतो. परीक्षेच्या कामाला निघालोय." त्यानं नजर फिरवली. नऊ जागा भरलेल्या, उरलेल्या एकीत कोन. "रंग ओला आहे का?"

"हो," काठीबाई म्हणाली.

"बरं बरं. मग मी वर बघतो. तुमचा रंग कशाला बिघडवायचा."

त्याला राग आला असता तर काठीबाईला बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसांचा तिला सराव होता. पण हा मास्तर हसून, हात वर करून, गाडी वळवायला लागला. वरच्या मजल्यावर गाड्या इतक्या खेटून असतात, की दार वीतभर उघडतं. त्या वीतभर फटीतून हा माणूस दोन कुबड्या आणि एक पाय घेऊन बाहेर कसा येणार, ते तिला न बघता दिसलं. पलंग आणि कपाटाच्या मध्ये अडकलेली खुर्चीही दिसली.

"ओ मास्तर! थांबा, थांबा!" ती धावली. जाता जाता तिनं कोन असा उचलला, जसा काही तो दुसऱ्याच कोणीतरी ठेवला होता. "या इकडे. सरळ आत."

मास्तरांनी गाडी लावली. दार सताड उघडलं, कुबड्या टेकल्या, उभे राहिले. मग वाकून जमिनीकडे पाहिलं.

"वाळला वाटतं लगेच."

"लवकर वाळणारा आहे," काठीबाई म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली. मग वॉकीटॉकीचा आवाज मोठा करून म्हणाली, "एक नंबर चालू आहे."

"बरं झालं," दोनशब्दी म्हणाला. आणि पाचच मिनिटांनी, "हिरवी आली."

काठीबाईनं एकपासून दहापर्यंत नजर फिरवली. दहाच्या दहा जागा भरलेल्या. हिरवी गाडी वळणावरून आत आली. स्टिअरिंगमागे वन्सं, नवं निळं जॅकेट, केस घट्ट बांधलेले, नजर नाकासमोर. ठरल्याप्रमाणे ओळख नाही. गाडी दहाही जागांसमोरून हळूहळू गेली आणि तळमजल्याची चक्कर मारायला खांबांमागे दिसेनाशी झाली.

तेवढ्यात दहा नंबरवाले परत आले. म्हाताऱ्या आईला विमानात बसवून आलेले नवरा-बायको.

"डबा तिच्या पिशवीत ठेवलास ना?"

"मला वाटलं तुम्ही ठेवलात."

"म्हणजे डबा गाडीत आहे?"

"म्हणजे डबा घरी आहे."

काठीबाई कोणाला घाई करत नसे, हाही तिचा एक नियम. आज तो नियम पाळताना तिनं काठी दोन्ही हातांनी इतकी घट्ट धरली, की रबर निसटलं. हिरवी गाडी दुसऱ्यांदा समोरून गेली. नवरा-बायकोनं पार्किंगचं तिकीट शोधलं. ते नवऱ्याच्या खिशात नव्हतं, बायकोच्या पर्समध्ये नव्हतं, ते नवऱ्याच्या तोंडात होतं. अखेर गाडी निघाली. दहा नंबर मोकळा झाला.

पण दहा सम नंबर. एका बाजूला पट्टे, दुसऱ्या बाजूला सिमेंटची भिंत. सरळ आत घातली तर वन्संचं दार भिंतीकडे येणार, आणि तिथे वीतभरही जागा नाही. म्हणजे रिव्हर्स. सगळं सोडून नेमकं रिव्हर्स.

तिसऱ्या चकरेला हिरवी गाडी दहा नंबरसमोर थांबली. काच खाली झाली नाही. काचेपलीकडे वन्संचे ओठ हलले. त्या नंबर वाचत होत्या. नऊ वर्षं रोज रात्री जेवताना विषम-सम ऐकलेली बाई ती. तिला कोणी काही सांगायची गरज नव्हती. गाडी थोडी पुढे गेली आणि मागचा पांढरा दिवा लागला.

दिवा लागायचा अवकाश, की मदत करणाऱ्यांना ऊत आला. एक टॅक्सीवाला पुढे होऊन दोन्ही हात हलवायला लागला, "येऊ द्या, येऊ द्या!" सफाईवाली झाडू टाकून आली, "इकडे घ्या ताई!" साहेब कुठून उगवले कोण जाणे, ते पाठमोरे चालत "कट मारा, कट मारा" म्हणू लागले. मास्तर लिफ्टपाशी जाऊन परत आले होते. त्यांचं विमान लेट होतं. तेही कुबडी उंचावून म्हणाले, "कोन बघा, कोन! पंचेचाळीस अंशात!"

कोन म्हणताच काठीबाई भानावर आली. तिनं काठी आडवी धरली आणि चौघांच्या समोर उभी राहिली.

"कोणी हात दाखवायचा नाही."

"अहो, पण त्या भिंतीला..." साहेब म्हणाले.

"लागली तर त्यांची लागेल. मागे व्हा. मास्तर, तुम्हीसुद्धा. टॅक्सीवाले दादा, तुमची गाडी तिकडे वाजतेय."

"बाई, त्यांना येत नाहीये."

"येतंय. तुम्ही बघताय म्हणून वेळ लागतोय."

पहिल्या खेपेला गाडी तिरकी होऊन अर्धी पट्ट्यांवर आली. वन्संनी पुढे घेतली. दुसऱ्या खेपेला भिंत एवढी जवळ आली, की टॅक्सीवाल्यानं डोळे झाकले आणि बोटांच्या फटीतून पाहिलं. पुन्हा पुढे. काठीबाईला ओरडून सांगावंसं वाटत होतं, 'सोडा ब्रेक, आता फिरवा, आता!' तिनं खालचा ओठ दातांत धरला. ओरडणं फार सोपं होतं. चौघांना अडवणं त्याहून सोपं. अवघड होतं ते स्वतःला अडवणं.

तिसऱ्या खेपेला गाडी एकदम हळू झाली. इतकी हळू, की चाक फिरतंय की नाही कळेना. काचेतून वन्सं दिसत होत्या. मान वळवलेली, जिभेचं टोक बाहेर. अगदी बारीक बटणाचं काज करताना त्या अशाच दिसत. गाडी मागे आली, मागे आली, सरळ झाली, थांबली. पांढरा दिवा विझला.

टॅक्सीवाल्यानं डोळ्यांवरचे हात काढले. मग दार सताड उघडलं. पट्ट्यांच्या बाजूला.

वन्संनी शेजारच्या सीटवरून खुर्चीचा सांगाडा आपल्या अंगावरून ओढून बाहेर ठेवला. एक चाक बसवलं. टक. दुसरं बसवलं. टक. हातांवर भार देऊन त्या सीटवरून खुर्चीत सरकल्या, जॅकेट खाली ओढून सारखं केलं, मांडीवर पिशवी घेतली. सफाईवालीनं सवयीनं पुढे टाकलेलं पाऊल काठीबाईनं काठी आडवी धरून मागे घ्यायला लावलं.

मग वन्संनी वर पाहिलं. ओळख नसलेल्या आवाजात म्हणाल्या, "काय हो बाई, सगळ्यांना मोजता म्हणे तुम्ही. मला नाही मोजणार?"

काठीबाई पुढे आली. काठी आडवी करून तिनं पट्ट्यांवर ठेवली, हिरव्या गाडीपासून नऊ नंबरच्या गाडीपर्यंत. काठी मावली. वर चार बोटं उरली, नेमकी चार. ती उठली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं, त्यामुळे चेहऱ्याचं काहीतरी भलतंच झालं होतं.

"पास," ती म्हणाली.

टाळ्या पहिल्यांदा कोणी वाजवल्या ते सांगता येणार नाही. पण साहेबांनी वाजवलेल्या सगळ्यात जोरात ऐकू आल्या. मास्तर म्हणाले, "पंचेचाळीस नव्हता, तीस अंश होता. माझं चुकलं."

वन्संनी गाडीला कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

"किल्ली नेताय?" काठीबाई आता ओळख लपवायचं विसरली. "राहू द्या की माझ्याकडे."

"म्हणजे माझी पाठ वळली की गाडी एक नंबरला नेशील."

"मला कुठे येते गाडी चालवायला!"

"ढकलत नेशील तू." वन्संनी आवाज खाली आणला. "एक नंबरला काय केलं होतंस सकाळी?"

काठीबाईचा चेहरा पडला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"फाटकावरच्या माणसानं. तिकीट देताना म्हणाला, 'कोन उचलला.' पुढे बोलेना. म्हटलं, असा अर्धवट निरोप माझ्याच घरचा असणार, आणि तू कोन ठेवशील तर एक नंबरलाच." त्यांनी खुर्चीचं तोंड लिफ्टकडे वळवलं. "ठेवलास म्हणून रागावले असते. उचललास म्हणून नाही रागावत. जा, ड्यूटी कर. आणि दादाला फोन कर, तो घरी देवासारखा बसून असेल एका जागी."

त्या लिफ्टकडे निघाल्या. मास्तर शेजारून कुबड्या टाकत चालले होते आणि त्यांना विचारत होते, की स्टिअरिंग किती फिरवलं. लिफ्टचं दार मिटेपर्यंत काठीबाई बघत राहिली. मग तिनं निसटलेलं रबर पुन्हा चढवलं आणि येणाऱ्या गाडीच्या खिडकीशी वाकली. "उतरणार कोण?"

*

चार दिवस हिरवी गाडी दहा नंबरात उभी होती. काठीबाई तिला हात लावत नव्हती, पण तिच्यावर धूळ बसलेलीही कोणाला दिसली नाही. रात्री फोनवर वन्संचा आवाज येई आणि त्यामागे आणखी एका बाईचा आवाज, 'माझ्याबद्दल काय सांगतेयस तिला?' मग दोघींचं भांडण, मग हसणं, मग फोन तसाच चालू राही आणि दादा आणि काठीबाई इकडे गप्प बसून ते ऐकत राहत.

पाचव्या दिवशी दुपारी काठीबाईची पाळी संपायच्या वेळेला लिफ्टचं दार उघडलं. वन्सं उन्हानं काळवंडल्या होत्या. केस विस्कटलेले, मांडीवर शिंपल्यांची पिशवी.

"आपली आपण गेले, आपली आपण आले," त्या म्हणाल्या. "फक्त समुद्रात नेताना तिच्या पुतण्यानं उचललं. पण आधी विचारलं."

सांगाडा मागच्या सीटवर, चाकं मागे, दार बंद. "बस," त्या म्हणाल्या. "तुझी बस गेली म्हण आता."

काठीबाई शेजारी बसली. काठी काही केल्या गाडीत मावेना. शेवटी तिनं ती दोन सीटांमधून मागच्या काचेपर्यंत तिरकी घातली. वन्सं हसून हसून बेजार झाल्या. "सगळ्या जगाला मोजते आणि स्वतःच मावत नाही!" रिव्हर्स घालून लावलेली गाडी एका दमात सरळ बाहेर निघाली. फाटकावर दोनशब्दीनं तिकीट घेतलं, वन्संकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि फाटक वर करताना म्हणाला, "मावशी, समुद्र कसा होता?"

"मोठा होता," वन्सं म्हणाल्या.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी गाडी पुढे घेतली आणि मागचा दिवा लावला. कोपऱ्यावरचे काका अनवाणी धावत आले आणि पहिल्या कुंडीला वाकले.

वन्संनी काच खाली केली. "राहू द्या, काका. तिथेच राहू द्या."

काका कुंडी हातात धरून उभे राहिले. त्यांनी काठीबाईकडे पाहिलं. ती खाली उतरली नाही, मागे वळून पाहिलं नाही, काही बोलली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून शांत बसून राहिली. डोळे मात्र तिनं गच्च मिटून घेतले होते. गाडी थांबल्यावर ते उघडले, तर काकांनी कुंडी परत जागेवर ठेवली होती आणि ते तिच्या कडेची माती हातानं सारखी करत होते.